जुन्या राजाची खूण

नागपूरकरांच्या कानाला ‘चिनी’ या शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. किराणा दुकानातील हिंदीत चीनी म्हणजे साखर आणि घरातील मराठीत चिनी म्हणजे कपबशी, दौत, लोणच्याची बरणी. त्या लोणच्याच्या बरणीच्या मातीचा चीन देशाशी काडीचाही संबंध नसतो; परंतु मातीवर चकाकी दिसली की तिला चिनी म्हणून आपण मोकळे होतो. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात तर एक अख्खा महालच चिनी आहे. भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरशांवरून त्याला ते नाव पडले आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने तेथे कैदेत ठेवले. निळे आणि पांढरे एकत्र दिसले की ते चीनचेच, ही आपल्याकडील समजूत जुनी आहे आणि अगदीच निराधार नाही.

आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी एक बरणी आहे. ती मात्र खरोखरीच चीनहून आलेली. सव्वा वीत उंची, फुगीर खांदे, वर टोपीसारखे झाकण. सर्वांगावर गडद निळा रंग, त्यात तडकलेल्या बर्फासारख्या रेघांची जाळी आणि त्या बर्फावर प्लमच्या फुलांच्या पांढऱ्या डहाळ्या. चिनी माणसाला हे चित्र पाहताच थंडी सरत आल्याची आठवण होते, असे म्हणतात. आमचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये हिशेबनीस होते. तेथील एक पारशी अधिकारी नागपूर सोडून मुंबईस निघाले तेव्हा त्यांनी घरातील बरेचसे सामान ओळखीच्यांना वाटून टाकले. त्यात ही बरणी आमच्याकडे आली. पारशी घरात चिनी भांडी असणे त्या काळी नवलाचे नव्हते. मिलचे संस्थापक जमशेटजी टाटा तरुणपणी, १८५९ साली, व्यापारासाठी हाँगकाँगला गेले होते. एम्प्रेस मिल सुरू झाली ती १ जानेवारी १८७७ रोजी. पुढे त्यांच्या दोन्ही पुत्रांनी, सर दोराबजी व सर रतन यांनी, जमविलेल्या कलावस्तू मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाल्या. त्यांत चिनी भांडी पुष्कळ आहेत. विदर्भाच्या कापसाचा काही अंश या काचेच्या कपाटांत येऊन बसला असावा, असे तेथे उभे असताना आमच्या मनात आले.

आमच्या आईने त्या बरणीचा उपयोग एकाच कामासाठी केला. झावळ्यांच्या रविवारी मिस्साहून आणलेली शिंदीची आशीर्वादित पाती ती बरणीत उभी करून ठेवी आणि पुढल्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी देवळात परत नेऊन देई. झाकण तेवढे वर्षभर कपाटात पडलेले असे. म्हणूनच ते अजून शाबूत आहे.

बरणीच्या बुडाला दोन निळ्या वर्तुळांच्या आत चार चिनी अक्षरे आहेत. तैवानमध्ये काही वर्षे काढलेल्या एका फादरांनी ती आम्हाला वाचून दाखविली : ‘कांगशीच्या कारकिर्दीत घडविले’. कांगशी बादशहाची कारकीर्द १६६२ ते १७२२. म्हणजे आपल्या शिवरायांचा, संभाजीराजांचा आणि औरंगजेबाचा काळ. तीन वर्षांपूर्वी ताईच्या मुलीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, पहिल्या वर्षाची फी भरण्याची मुदत जवळ आली, आणि आमच्या भाच्याने ती चार अक्षरे मोबाइलवर मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला धाडली. व्यापाऱ्याचे उत्तर त्याच रात्री आले. त्याने देऊ केलेली रक्कम फीच्या दुपटीहून अधिक होती.

ताईने आम्हाला बोलावून घेतले. तिला एकच गोष्ट समजून घ्यावयाची होती : हे जे लिहिले आहे, ते खरे आहे काय?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही बरेच वाचले. राजाच्या नावाची खूण बुडाला घालण्याची प्रथा मिंग घराण्याच्या काळात रूढ झाली. श्वानदे (१४२६–१४३५) आणि छंगह्वा (१४६५–१४८७) या दोन बादशहांच्या काळातील निळी-पांढरी भांडी पुढील सर्व पिढ्यांनी आदर्श मानली. १६४४ साली मिंग घराणे कोसळले आणि मांचू लोकांचे चिंग घराणे आले. रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला ते १६७४ साल; त्याच सुमारास दक्षिण चीनमध्ये मोठे बंड पेटले होते आणि त्या धामधुमीत चिंगदेचेन या कुंभारनगरीच्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या. बंड शमल्यावर कांगशीने १६८० नंतरच्या वर्षांत त्या पुन्हा उभ्या केल्या. परका म्हणून हिणवला जाणारा हा राजवंश. आपण या भूमीचे खरे वारस आहोत हे त्याला दाखवावयाचे होते. म्हणून त्याच्या कुंभारांनी जुन्या मिंग बादशहांचे आकार, त्यांच्या वेली, त्यांचे ड्रॅगन पुन्हा घडविण्यास घेतले.

यात एक मौज आहे. १६७७ साली तेथील स्थानिक अधिकाऱ्याने एक हुकूम काढला होता : भांड्यावर चालू बादशहाचे नाव लिहू नये. कारण भांडे फुटते, तुकडे उकिरड्यावर जातात, आणि बादशहाच्या नावावर कोणाचाही पाय पडतो. मग कुंभारांनी काय करावे? कोणी दोन वर्तुळे काढून मध्ये जागा रिकामी सोडली, कोणी एखादे पान रेखाटले, आणि पुष्कळांनी श्वानदे किंवा छंगह्वा यांचेच नाव लिहून टाकले. परिणाम असा की खऱ्या कांगशीकालीन भांड्यांपैकी कितीतरी भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या राजाची खूण आहे आणि कांगशीची खूण मिरविणारी कितीतरी भांडी त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी घडलेली आहेत. बुडावर विश्वास ठेवून भांड्याचे वय सांगणारा माणूस दोन्हीकडून फसतो.

कांगशीचा पुत्र युंगचंग (१७२३–१७३५) याने हे पुनरुज्जीवन अधिक मनावर घेतले. पेकिंगच्या राजवाड्यातून जुनी अस्सल भांडी नमुना म्हणून चिंगदेचेनला धाडली जात. तेथे १७२८ साली थांग यिंग नावाचा अधिकारी आला. त्याला या धंद्यातले काहीच ठाऊक नव्हते. म्हणून त्याने गाठीभेटी बंद केल्या आणि तीन वर्षे कारागिरांच्या बरोबर जेवण-झोप ठेवून काम शिकून घेतले. अधिकारी असावा तर असा! १७४३ साली त्याने बादशहासाठी या धंद्याच्या वीस चित्रांचे वर्णन लिहिले. त्यावरून कळते की रेषा काढणारा वेगळा, रेषेच्या आत निळा रंग भरणारा वेगळा, काठाची वर्तुळे ओढणारा वेगळा आणि बुडाला खूण लिहिणारा आणखी वेगळा. सारी भांडी एकाच हातची वाटावीत म्हणून प्रत्येकाला एकच काम.

आता रंगाविषयी. हा निळा रंग कोबाल्टच्या खनिजाचा. कच्च्या मातीवर तो काळपट दिसतो. वर झिलई चढवून सुमारे तेराशे अंश उष्णतेत भाजला की निळा होऊन बाहेर येतो. चितारणाऱ्याला चितारताना निळे काही दिसतच नाही. श्वानदेच्या काळात हे खनिज परदेशातून, पश्चिमेकडून येई. त्यात लोहाचा अंश अधिक. त्यामुळे जेथे कुंचला जाड टेकला तेथे रंग झिलईत साकळून काळसर ठिपके उमटत. तो दोषच होता. पुढच्या काळात चीनमधीलच खनिज वापरले जाऊ लागले. त्यात कोबाल्टपेक्षा मॅंगनीज कितीतरी जास्त. मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणींच्या आसपास वाढलेल्या आमच्या वाचकांना मॅंगनीज म्हणजे काय हे सांगावयास नको. तो काळा दगड आपल्या जिल्ह्यातून सव्वाशे वर्षे निघतो आहे. चिनी कारागीर ते खनिज निवडून, भाजून, कुटून शुद्ध करीत आणि त्यातून कांगशीच्या काळात असा स्वच्छ निळा निघाला की त्याच्या फिक्या-गडद छटांनी डोंगरामागे डोंगर उभे करता येत.

पण या शुद्ध रंगात ठिपके पडेनात! आणि राजवाड्यातून आलेल्या नमुन्यावर तर ठिपके होते. तेव्हा अठराव्या शतकातील कारागिरांनी रंग भरून झाल्यावर कुंचल्याच्या टोकाने जागोजागी गडद ठिपके मुद्दाम टेकविले. पूर्वजांच्या हातून जे नकळत घडले, ते वंशजांनी जपून, मोजून, शिस्तीने घडविले. आम्हाला हा सर्व प्रकार फार जिव्हाळ्याचा वाटतो. आमच्या ओळखीची एक आजी तिच्या आजीच्या बोलण्यातील चुकीच्या उच्चारासकट लितानी म्हणत असे, आणि कोणी सुधारू गेल्यास तिला ते खपत नसे.

मात्र युंगचंगच्या राजभट्टीतील अशा कित्येक भांड्यांच्या बुडाला युंगचंगचेच नाव आहे. आकार जुना, वेल जुनी, ठिपके जुने, परंतु सही आपली. हा प्रामाणिकपणा आम्हाला मोलाचा वाटतो.

सगळेच असे नव्हते. याची साक्ष देणारा मनुष्य आपल्यापैकीच आहे. फादर फ्रांस्वा झाव्हिए द’आंत्रकोल हे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू १६९८ साली चीनमध्ये उतरले आणि चिंगदेचेनच्या परिसरात त्यांनी अनेक वर्षे सुवार्ताकार्य केले. १७१२ आणि १७२२ साली त्यांनी तेथून दोन लांबलचक पत्रे युरोपला धाडली. भट्ट्यांवर काम करणारे काही नवख्रिस्ती त्यांच्याकडे पापनिवेदनास येत. त्यांच्याकडून आणि जुन्या चिनी ग्रंथांतून फादरांनी या धंद्याची बारीकसारीक माहिती गोळा केली. रात्री भट्ट्यांच्या ज्वाळांमुळे सारे नगर पेटल्यासारखे दिसते, एक भांडे पुरे होईपर्यंत सत्तर हातांतून जाते, आंधळे-पांगळेसुद्धा रंग खलून पोट भरतात, असे कितीतरी तपशील त्यांत आहेत. अलीकडे काही लोक त्यांना हेर म्हणतात. युरोपातील कारखान्यांना त्या पत्रांचा उपयोग झाला हे खरे; परंतु आंधळ्याच्या भाकरीची नोंद घेणारा मनुष्य केवळ हेर होता, असे आम्हाला वाटत नाही.

या फादरांच्या ओळखीचा एक चिनी अधिकारी होता. दरबारातील आपल्या आश्रयदात्यांना तो ‘जुनी’ भांडी नजर करी, आणि ती तो स्वतःच बनवून घेई. कृती अशी : नवे भांडे भाजल्यावर कोंबड्याच्या व इतर मांसाच्या दाट, तेलकट रश्श्यात पुन्हा उकळावयाचे, आणि नंतर महिनाभर किंवा अधिक काळ घाणीत घाण अशा गटारात पुरून ठेवावयाचे. बाहेर काढले की ते तीनचारशे वर्षांचे, निदान मागच्या घराण्याच्या काळचे म्हणून खपते. फादरांनी हे सारे फारसा संताप न करता लिहिले आहे.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. एका मोठ्या दुकानाच्या मोडीतून कोणीतरी त्यांना एक लहानशी बशी आणून दिली. तिच्या मध्यभागी क्रूसावरील प्रभू आणि दोन बाजूंना पवित्र मरिया व संत योहान रंगविलेले होते. पूर्वी अशा बशा जपानला जात, पण सोळा-सतरा वर्षांपासून त्या बनत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. छळाच्या काळात जपानी ख्रिस्ती जन साध्या भांड्यांच्या पेट्यांत लपवून या मूर्ती घरी नेत असावेत आणि पुढे ते उघडकीस आले असावे, असा फादरांनी तर्क केला आहे. हजार वर्षांतील उत्तमातील उत्तम भांड्यांपेक्षा ती बशी त्यांना अधिक मोलाची वाटली. तिच्या बुडाला कोणत्या राजाची खूण होती हे ते सांगत नाहीत. त्यांनी ती उलटून पाहिली नसावी.

येथे जुन्या खुणेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पूर्वजांच्या पाटीपुढे वाकणारा चिनी माणूस मूर्तिपूजा करतो की केवळ आदर दाखवितो, या प्रश्नावर त्याच काळात ख्रिस्तसभेत मोठा वाद चालला होता. येशूसंघीय त्याला आदर म्हणत. रोमने १७१५ साली ते विधी निषिद्ध ठरविले. कांगशी बादशहा दुखावला आणि त्याने १६९२ साली धर्मप्रसाराला दिलेली मोकळीक पुढे काढून घेतली. रोमने ती बंदी उठविली १९३९ साली. सव्वादोनशे वर्षे! याच लोकांच्या कलेत जुन्या राजाचे नाव नव्या भांड्यावर लिहिणे हे बहुधा नमनच असे. ज्याच्यासाठी ते भांडे बने त्यालाही ते ठाऊक असे. लबाडी खुणेत नव्हती, ती भांडे पुढे करणाऱ्याच्या तोंडात किंवा त्याच्या मौनात होती.

आता आमच्या बरणीविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तायपिंग बंडात चिंगदेचेन पुन्हा एकदा बेचिराख झाले आणि राजभट्टी १८६६ च्या सुमारास पुन्हा उभी राहिली. त्याच दशकांत लंडनच्या चित्रकारांना आणि धनिकांना कांगशीकालीन निळ्या भांड्यांचे, विशेषतः प्लमच्या फुलांच्या बरण्यांचे, वेड लागले. भाव चढले. मग क्वांगश्यू बादशहाच्या कारकिर्दीत (१८७५–१९०८) चिनी कुंभारांनी कांगशीच्या धर्तीच्या बरण्या भराभर घडवून जहाजांत भरल्या आणि खूणही कांगशीचीच घातली. पुस्तकांत दिलेल्या कसोट्या लावून आम्ही ताईची बरणी खिडकीतल्या उजेडात तपासली. निळा रंग गडद आहे, पण सपाट. त्यात छटांची ती खोली नाही. फुले साच्यातून काढल्यासारखी एकसारखी. चार अक्षरे घाईने लिहिलेली. ती लिहिणाऱ्याने त्या दिवशी तीच चार अक्षरे शेकडो वेळा लिहिली असावीत. बरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, याविषयी आमच्या मनात संशय उरला नाही. सुंदर, चीनची, सव्वाशे वर्षांची. पण कांगशीची नव्हे.

भाच्याने शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “मामा, पण आपण कुठे काही सांगतो आहोत? ते लिहिलेलं आपण लिहिलं नाही. त्यानं विचारलं तरच सांगायचं न.”

मुलगा लबाड नाही. बहिणीच्या फीची काळजी त्याला आमच्याहून अधिक होती. दोन पाळ्यांत काम करून तो घराला हातभार लावीत होता. त्याच्या बोलण्यात तथ्यही होते, म्हणूनच ते आम्हाला बोचले. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा लहानपणी आपण सारेच पाठ करतो. गप्प राहिलेल्या साक्षीदाराचे काय, हे मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला कोणी विचारले नव्हते. आम्ही त्याला गटारातील भांड्यांची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, “आपण तर तिच्यात झावळ्या ठेवल्या, मामा.”

व्यापारी ठरल्या दिवशी आला. सभ्य गृहस्थ होता. त्याने बरणी उलटी केली, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरविला आणि पैशांचे पाकीट टेबलावर ठेवले. आम्ही बोलणार तेवढ्यात ताईच म्हणाली, “दादा, नाव जुन्या राजाचं आहे. बरणी नंतरची आहे, असं आमच्या भावाचं म्हणणं आहे.”

तो म्हणाला, “ताई, मला ते ठाऊक आहे. ही खूण असली की माझं काम होतं.”

हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. फसणारा समोर बसलेला नव्हता. तो पुढे कोठेतरी, आम्हाला कधीही न दिसणाऱ्या एखाद्या दिवाणखान्यात होता. भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्हाला वाटले, आता ताई पाकीट उचलेल, आणि उचलले तर तिला दोष देणारे आपण कोण? तिने जरा वेळ विचार केला. मग टेबलावरची वही ओढून तिने एक ओळ लिहिली : बरणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, खूण कांगशीची. खाली आपली सही केली आणि म्हणाली, “एवढ्यावर तुमची सही करा आणि हा कागद बरणीसोबतच राहू द्या. मग भाव तुम्ही म्हणाल तो.”

त्याने कागद वाचला, घडी घातली, परत दिला. चहा मात्र पुरता पिऊन गेला.

फीचे पैसे धर्मग्रामाच्या पतपेढीतून कर्जाऊ मिळाले. भाच्याने आणि आम्ही जामीन राहून सह्या केल्या. भाची आता शेवटच्या वर्षाला आहे. कर्जाचे सात हप्ते अजून बाकी आहेत आणि तो कागद ताईने बरणीत टाकून वर झाकण लावून ठेवला आहे.